खांडीतला पंढरी

सानपाड्याच्या खाडीकाठी पूर्वी भातशेती होती आणि तिच्या राखणीला मातीचा जुना बांध. शेतं सरकारजमा झाली, त्यांवर भराव पडला. १९८३ साली बांध खणून तिथे धक्का बांधायचं ठरलं. पलीकडच्या रासायनिक कारखान्यांतली साहेबमंडळी रविवारी इथून होडीत बसून पाणपक्षी पाहायला जाणार होती.

माती तपासायला सुचित्रा आली. गडी गिरमिट फिरवत, ती नमुने डब्यांत भरून चिठ्ठ्या लावी. चौथ्या भोकात, आठ फुटांवर, गिरमिट एकदम हातभर खाली गेलं. तिथे माती नव्हतीच. गड्यांतला सुभाष त्याच गावचा, चाळिशी उलटलेला. त्यानं दांडा सोडून दिला.

मग तो सांगू लागला. वीस वर्षांपूर्वीच्या उधाणात नेमका इथेच बांध फुटला, खांड पडली. अख्खा गाव चिखलाचे गोळे फेकत होता. पंढरी खांडीत उतरून पाठीनं पाणी अडवत होता. तो दिसेनासा झाला तरी कुणाचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर गावाचं भात गेलं असतं. फेकणाऱ्यांत सुभाष होता. पंढरीची बायको पुतळाही होती.

सुचित्रानं त्याच दुपारी अहवाल धाडला : जागा पोकळ, धक्का दोनशे फूट दक्षिणेस घ्यावा. त्यात खोटं काही नव्हतं. मग ती पुतळाच्या घरी गेली आणि म्हणाली, मावशी, काळजी करू नका, तिथे आता कुणी कुदळ लावणार नाही.

पुतळा कोलंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

"मी त्या कुदलीचीच वाट बघत व्हते, बाय," ती म्हणाली. "वीस वरसं बांद धरून उबा हाय तो. आता मागं शेत कुटं हाय? कोनाचं राखतो?"

दुसऱ्या दिवशी सुचित्रा अहवाल मागे घ्यायला कचेरीत गेली. साहेबांनी नकाशावर नवी खूण केली होती. बदलायचं तर कारण काय लिहू, त्यांनी हसून विचारलं. ती अहवाल तसाच ठेवून परतली.

धक्का झाला, होड्या सुरू झाल्या. भरावाच्या भारानं वर्षभरात सगळा बांध वीतभर खचला. पोकळी होती तिथे मात्र केसभरही नाही. मोजणीला आलेल्या सुचित्रानं पातळी बघायची दुर्बीण नव्यानं लावून तीनदा मोजलं. परतताना पुतळाच्या दारावरची वाट तिनं टाळली.