काकांच्या अंगठ्याचा होकार

काकांनी आमच्या लग्नाला होकार दिला. आम्हा दोघांसमोर, अंगठा वर करून. असं काही घडलंच नाही, हे त्यांनी नंतर जाहीर केलं. तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून पुढे जाऊ.

मज्जातंतूंतून निरोप किती वेगाने जातो, हे मोजायचं मशीन मी चालवतो. काका घड्याळं दुरुस्त करतात. हल्ली त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या, बारके स्क्रू चिमटीतून निसटायचे. डॉक्टरांनी तपासणीला पाठवलं, तर समोर मी. सोबत त्यांची मुलगी. वर्षभर मी तिचा हात मागत होतो, मिळाला तो बापाचा.

"दुसरं कोणी नाही का इथे?" काकांनी विचारलं.

"सुट्टीवर आहेत, काका."

"मग ते आले की येतो."

"बाबा, बसा," मुलगी म्हणाली. बसले.

मी अंगठ्याच्या बुडाशी वायरी चिकटवल्या आणि मनगटावर विजेचा बारीक झटका देणारी कांडी टेकवली. "मज्जातंतू म्हणजे आवरण घातलेली वायर समजा. आवरणात मध्येमध्ये फटी. निरोप या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, म्हणून झटकन पोचतो. तुमच्या मनगटात तंतू दाबला गेलाय बहुतेक."

"म्हणजे माझा हात मागे पडतोय?"

"थोडासा."

"अख्ख्या गल्लीची घड्याळं मी लावून देतो, आणि मी मागे पडतोय!"

काका तापले, म्हणून मी विषय बदलला. तिथेच चुकलो. "बरं, आमच्या लग्नाचं काय ठरवलंत?" असं विचारता विचारता सवयीने कांडीचं बटण दाबलं. मनगटाला झटका बसला आणि अंगठा टुणकन वर.

"बाबा!" मुलीचे डोळे भरून आले.

"हे मी केलेलं नाही!"

"मग अंगठा कोणाचा आहे?"

"माझाच. पण त्याने मला विचारलं कुठे?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "निरोप मेंदूतून आलाच नाही. तो मनगटातूनच निघाला."

"तू कोणाच्या बाजूने आहेस रे?" मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं शास्त्र गिळलं. "परत दाब."

दाबलं. अंगठा वर. तपासणीत पुन्हा पुन्हा दाबावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही.

"पुरे! सवय लागेल त्याला!" काकांनी डाव्या मुठीत उजवा अंगठा कोंडला.

मनगटाशी निरोप खरंच रेंगाळत होता. मी तसं सांगितलं, पट्टा बांधून महिन्याभरात फरक पडेल म्हणालो आणि वायरी काढल्या. मग घसा साफ केला.

"काका, आता वीजबीज काही नाही. आता सांगा."

एरवी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं "नाही" येऊन थडकायचं. आज ते मूठ उघडून अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठा निष्पाप चेहऱ्याने पडून होता. काकांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्या मशीनकडे.

"नाही," ते शेवटी म्हणाले.

"आज उशिरा आलं," मुलगी माझ्या कानात कुजबुजली.

"ऐकू येतंय मला," काका म्हणाले. तेही जरा उशिराच.

सबब, काकांच्या मज्जासंस्थेस सविनय विनंती, की उजव्या मनगटातील वाहतूक तातडीने पूर्ववत करण्यात यावी. तथापि मेंदू ते जीभ या मार्गावर आज आढळलेला विलंब कायम ठेवण्यात यावा, आणि शक्य असल्यास सदर मार्ग लग्न लागेपर्यंत दुरुस्तीसाठी संपूर्ण बंद ठेवण्यात यावा.