पुण्याला रिकामी गाडी

ललितला एक वीकेंड हवा होता. तसं बघितलं तर त्याला कशाची कमी नव्हती. मखमलाबाद शिवारात ढोबळी मिरचीचा मळा होता, स्वतःची पिकअप होती, दोन म्हशी होत्या आणि त्या म्हशींपेक्षा त्याच्यावर जास्त लक्ष ठेवणारी आई होती. पण पुतण्याच्या जावळाला पुण्याचा मेहुणा आला आणि पंगतीत म्हणाला, "दाजी, तुमच्यात वीकेंड नसतोच ना? म्हणजे शनिवारी-रविवारी काय करता?"

"मिरची तोडतो," ललित म्हणाला.

मेहुणा हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. मग त्याने सांगितलं की पुण्यात आता एका हॉटेलात तिथल्या तिथे ताजी बियर बनवतात. बाटलीतली नाही, कारखान्यातली नाही. शनिवारी-रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते.

ही गोष्ट २००९ सालच्या पावसाळ्यातली. त्याच आठवड्यात पेठ रोडच्या परमिट रूममध्ये ललितने विषय काढला. समोर कोथिंबीर-मेथीवाला वाळू होता, त्याच्या गोठ्यात आठ म्हशी. शेजारी शेवंती आणि झेंडू करणारा ओम. ओम बी.कॉम. होता, त्यामुळे हिशेब सोडून इतर सगळ्या बाबतीत त्याचं मत विचारलं जाई.

"तिथल्या तिथे गाळतात?" वाळू म्हणाला. "म्हंजे हातभट्टीच की. त्यासाठी पुण्याला कशाला? आमच्या मागच्या नाल्यात चल."

"वाळ्या, ती जवाची असते. तांब्याच्या मोठ्या टाक्या काचेतून दिसतात."

"काचेतून पाहायला पैसे वेगळे?"

तरी प्रोग्रॅम ठरला. म्हणजे ठरायला सुरुवात झाली. गणपतीत ओमला सवड नव्हती, नवरात्रात त्याहून नव्हती, आणि दसऱ्याला झेंडूवाल्याला फिरायला चल म्हणणं हे नवरदेवाला वरातीतून उठवण्यासारखं होतं. दिवाळीनंतर लग्नं लागली, कोथिंबीर चढली आणि वाळू फोन उचलेना. मार्गशीर्षातले गुरुवार पुन्हा ओमचे. प्रत्येक वेळी नवी तारीख ठरवायला तिघं परमिट रूममध्ये बसत आणि ज्या बाटलीतल्या बियरला नावं ठेवायची, तीच पीत. त्या हंगामात परमिट रूमच्या मालकाने नवीन खुर्च्या घेतल्या.

शेवटी पौष सापडला. पौषात लग्नं नाहीत, फुलं मातीमोल, कोथिंबीर पडलेली. पौषात कोणी शुभकार्य करत नाही, पण या कार्याला शुभ कोणीच म्हणत नव्हतं.

ललितने एकच अट घातली होती. गाडी रिकामी न्यायची. आजवर ती पिकअप घरातून रिकामी कधी बाहेर पडली नव्हती. सासुरवाडीला जातानासुद्धा मागे मिरचीचे क्रेट असत आणि शुभांगीचे वडील जावयाच्या आधी क्रेटकडे बघत. एकदा तरी कुठे जाताना विकायला काही नको, येताना आणायला काही नको. नुसतं जायचं, बसायचं, प्यायचं, यायचं. मेहुण्यासारखं.

"रिकामी गाडी? पुण्याला?" वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "एवढं डिझेल जाळून नुसती हवा नेणार का?"

"आई, फिरायला चाललोय."

"फिर ना. मागं चार क्रेट असले तर तुझे पाय दुखतात का?"

बायकोला, शुभांगीला, अट आवडली होती, पण नवऱ्यावर तिचा तेवढा भरवसा नव्हता. "अहो, तुम्ही रिकामे जाऊन रिकामे आलात ना," ती नंतर म्हणाली, "तर पुढच्या वेळी मला न्या. बियर नको. नुसतं बसू कुठं तरी." ललित हो म्हणाला. अट आता दोघांची झाली होती.

पुढच्याच बैठकीत ओमने हळूच सांगितलं की रविवारी पुण्याचा बाजार मोठा असतो आणि शेवंतीला नाशकात कुत्रं विचारत नाहीये. वाळू म्हणाला, फुलांबरोबर मेथी बसते, जागा खात नाय. ललित भांडला. मग त्यालाही आठवलं की मिरची तोडायला आलीच आहे, आणि सोमवारपर्यंत ठेवली तर लाल पडेल.

"जाताना भरा," तो म्हणाला. "पण येताना रिकामी. शब्द द्या."

दोघांनी ग्लासवर हात ठेवून शब्द दिला.

रविवारी सकाळी माल विकून झाला तेव्हा तिघांचे डोळे तांबडे होते आणि कपड्यांना मेथीचा वास येत होता. बाजाराच्या नळावर तोंडं धुतली, ओमने सोबत आणलेला इस्त्रीचा शर्ट चढवला, आणि ऊन चढताना तिघं त्या हॉटेलात शिरले. दारावरच्या गार्डने पिकअप रस्त्याच्या पलीकडे लावायला लावली. ललितला त्याचंही काही वाटलं नाही. गाडी रिकामी होती. आरशात मागचा हौदा दिसत होता, एक पानसुद्धा नाही. शुभांगीला सांगायला हे चित्र त्याने मनात ठेवून दिलं.

काचेमागे टाक्या खरोखरच होत्या. वेटरने चार प्रकार सांगितले. एकात केळ्याचा वास येतो म्हणाला.

"केळ्याचा?" वाळूने ओमकडे पाहिलं. "मग रावेरला जायचं ना."

ललितने तिघांसाठी केळ्याचीच सांगितली. वाळू हात धुवायला म्हणून मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या मुठीत काहीतरी होतं. त्याने ते टेबलावर, स्वच्छ पांढऱ्या रुमालावर ठेवलं. ओला, तपकिरी, कोमट चोथा.

"वास घे, लल्या."

"हे काय?"

"जव. भरडून, शिजवून, पाणी काढून घेतलंय. त्याच पाण्याची बियर करतात. आणि हे सोनं, हे मागं ड्रमात भरून फेकतात. टाक्यांवरचा माणूस म्हणाला, न्या, आमची कटकट जाईल."

ललितने वास घेतला. घ्यायला नको होता. भाजलेल्या भाकरीसारखा गोड वास होता तो, आणि घरच्या दोन्ही म्हशी त्याच्या डोळ्यांसमोर माना वर करून उभ्या राहिल्या.

"शब्द दिलाय तुम्ही," तो म्हणाला.

"मालाचा दिला होता," ओम बी.कॉम. म्हणाला. "हा माल नाही. हा कचरा आहे."

"आणि ओला हाय," वाळू म्हणाला. "आत्ता निघालो तर संध्याकाळी दावणीला पडेल. उद्यापर्यंत आंबून जाईल. बियर काय, पुढच्या रविवारीपण असते."

गाडी मागच्या दाराला लावायला ललितलाच जावं लागलं, चालवता त्यालाच येत होती. चार निळे ड्रम हौद्यात चढवले, दोराने बांधले. तो हात पुसत टेबलाशी परतला तेव्हा तीन ग्लास आले होते आणि तिन्ही रिकामे होते.

"फेस बसत चालला होता," ओम म्हणाला. "वाया गेली असती."

"कशी होती?"

"केळ्याची," वाळू म्हणाला.

वेटर विचारायला आला, सर, अजून एक आणू? ललितने खिडकीतून बाहेर पाहिलं. उन्हात उभ्या पिकअपच्या हौद्यातून हलकी वाफ निघत होती. मेहुण्यासारखा माणूस इथे बसून राहिला असता, त्याला त्या वाफेचा अर्थ कळला नसता. ललितला कळत होता.

"नको," तो म्हणाला. "चला रे, गरम होतंय ते."

नारायणगावला चहा प्यायले, तोही गाडी बंद न करता.

संध्याकाळी वत्सलाबाईंनी म्हशींपुढे पाटी ठेवली. म्हशींनी मान वर केली नाही. त्यांनी पाटी चाटून सरकवत भिंतीपर्यंत नेली. लेकाच्या हातून एवढं कौतुकाचं काम झालेलं वत्सलाबाईंनी पाहिलं नव्हतं.

"दर रविवारी जात जा," त्या म्हणाल्या. "आता वाळूला सगळं नको देऊ."

शुभांगी गोठ्याच्या दारात उभी होती. तिने चार ड्रम पाहिले होते.

"कशी लागली बियर?" तिने विचारलं.

ललित पाटी उचलून धुवायला घेत होता. "त्यांना विचार," म्हशींकडे मान करत तो म्हणाला.

शुभांगी हसली नाही. तिने त्याच्या हातातली पाटी घेतली, तिच्या काठाला चिकटलेला चोथा बोटाने निपटला आणि जवळच्या म्हशीला चाटवला.

"मग पुढच्या रविवारी किती ड्रम न्यायचे इथून?" तिने विचारलं. "जाताना तरी रिकामे जातील."