दरवर्षी वाढणारा मुलगा

"बंद करून परत चालू करून बघा ना," मी म्हटलं, आणि बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळूनच टाकलं. सकाळपासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. फोटोंचं ते जुनं सॉफ्टवेअर उघडू लागायचं, मध्येच अडायचं आणि सांगायचं की कंपनीने ही सेवा कायमची बंद केली आहे, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार. आभार म्हणे. तोंडावर दार आपटायचं आणि वर हात जोडायचे, त्यातली गत.

बाबांचा स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर, मागे निळा पडदा आणि मधे बाबा. पासपोर्टचे फोटो कोणीही काढतं, पण डाग पडलेला, फाटलेला, अर्धा पुसलेला चेहरा परत आणावा तर तो बाबांनीच. एकदा भांडून घर सोडलेल्या कुणाच्या मामाला त्यांनी लग्नाच्या फोटोत आणून उभं केलं होतं, आणि तो फोटो पाहून मामा खरंच परत आले. अशी सगळी जादू त्या एका सॉफ्टवेअरवर चालायची. कंपनीच्या सूचना वर्षभर येत होत्या. बाबा प्रत्येक वेळी 'नंतर' दाबायचे. मी बोललेच तर म्हणायचे, "बाईसाहेब, कात्री जुनी झाली म्हणून शिंपी कापड दातांनी फाडत नाही."

बाकीच्या कामांचं काही बिघडलं नव्हतं. ती छापून लोकांच्या घरी गेली होती. अडकला होता तो फक्त घड्याळवाल्यांचा मुलगा.

घड्याळवाले काका पलीकडच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचा एकुलता एक मुलगा दुसरीत असताना तापाने गेला. पुढच्या वाढदिवसाला काका-काकू त्याचा शाळेतला फोटो घेऊन आले आणि काकूंनी अगदी चाचरत विचारलं, तो आज असता तर कसा दिसला असता, एवढं दाखवता येईल का. बाबांनी दाखवलं. मग ते दरवर्षी येऊ लागले. बाबा काकांचे तरुणपणचे फोटो मागून घ्यायचे, हनुवटी त्यातून आणायचे, डोळे काकूंचे ठेवायचे, आणि आदल्या वर्षीच्या चेहऱ्यावर नव्या वर्षाचा एक पातळ थर चढवायचे. एक कान जरा पुढे आलेला होता, तो त्यांनी कधी मागे दाबला नाही. पंधराव्या वर्षी गालावर पुटकुळ्या आणल्या तेव्हा काकू रुसल्या होत्या. बाबा म्हणाले, या वयात येतातच, जातील आपोआप. काका तर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून त्याला रागवायचे, एवढे केस वाढवून कुठे हिंडतोस म्हणून.

पण कागदावर त्यांनी तो कधीच छापून घेतला नाही. काकांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "कागदावर आला की भिंतीवर जाईल. भिंतीवर गेलेली माणसं वाढत नाहीत." बाबांनाही ते पटलं होतं. त्यामुळे तो होता तो फक्त त्या सॉफ्टवेअरच्या पोटात, आणि दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. आज त्याचा वाढदिवस होता. संध्याकाळी ते येणार होते.

दुसरीतला मूळ फोटो तेवढा बाबांकडे वेगळा राहिला होता. मी तो माझ्या मोबाइलवर घेतला, वय वाढवणाऱ्या एका नव्या अ‍ॅपमध्ये टाकला आणि चहा गाळून होईपर्यंत मुलगा बावीस वर्षांचा तयार. मी तर हवेतच. बाबांना दाखवला, ते काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे हो, असं मी धरून चालले.

संध्याकाळी काका-काकू आले. बाबांनी त्यांना बसूही न देता सगळं सांगून टाकलं, चूक माझी आहे, मी 'नंतर' दाबत राहिलो, असंही म्हणाले. काकांनी शांतपणे विचारलं, मागचं झाकण उघडून आत काही करता येत नाही का. याला मागचं झाकण नसतं, बाबा म्हणाले. मला राहवेना, मी मोबाइल काकूंपुढे धरला.

काकूंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. गोरापान, सरळ दातांचा, दोन्ही कान एका रेषेत.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

मी मोबाइल खिशात घातला. कान तापले होते माझे.

बाबा म्हणाले, नवीन सॉफ्टवेअर शिकून घेतो, शाळेच्या फोटोपासून पुन्हा सुरुवात करतो, मला थोडे महिने द्या. काकूंनी मान हलवली.

"परत दुसरीपासून? नको हो. परत त्या परीक्षा, त्या पुटकुळ्या, सगळं त्याला करायला लावायचं?" त्या हसायला गेल्या, ते जमलं नाही. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "बावीस वर्षांचा झाला. या वयात मुलं आईबापांजवळ राहतात कुठे."

मी पंखा उगीच एका आकड्याने वाढवला.

निघताना काका दारात थांबले.

"गेल्या वर्षी मिशी ठेवली होती ना त्याला? की शेवटी काढली आपण?"

"ठेवली होती," बाबा म्हणाले. "बारीक."

"इथपर्यंत?" काकांनी आपल्या ओठावर बोट टेकवलं.

बाबा काउंटरमागून बाहेर आले. त्यांनी काकांचं बोट धरलं आणि किंचित आत सरकवलं. "इथपर्यंत."

काका ते बोट तिथेच धरून पायऱ्या उतरले. त्यांचा दुसरा हात काकूंनी धरला होता.