पागोळ्यांखालची लेक

मित्रांनो, मी एक जुनं चर्च आहे. इंग्लंडच्या पूर्वेला, अल्डरविक नावाच्या खेड्यात. शेतातून वेचलेल्या गारगोट्या चुन्यात बसवून गावकऱ्यांनी मला सातशे वर्षांपूर्वी उभारलं. गावातली लग्नं, अंत्ययात्रा, सगळं माझ्याच दारातून झालं. लोक मला 'गावाची आई' म्हणत. ते आठवलं की आता मान खाली जाते.

दीडशे वर्षांपूर्वी केझिया नावाची धोबीण आपलं मेलेलं बाळ शालीत गुंडाळून माझ्या दाराशी आली.

"पाद्रीबाबा, तासभरच जगली हो. बाप्तिस्म्याला वेळच कुठे मिळाला?"

"बाप्तिस्मा नाही, तर या आवारात जागा नाही. नियम आहे, बाई."

माझं दार लागलं. माझंच दार, मित्रांनो!

कबरी खणणारा म्हातारा ओबेड हे ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "पोरी, पागोळ्यांखाली पुरू तिला. देवाच्या छपरावरून पडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्माच की! पाद्रीबाबा जेवायला गेलेत, आवर लवकर."

"आणि पाऊस नाही पडला तर?"

"इंग्लंडात? वेडी का काय तू!"

रडता रडता केझिया हसली.

पुढे चाळीस वर्षं, पाऊस आला की ती माझ्या भिंतीशी येऊन उभी राही. ओबेड वारला. ते गुपित तिचं आणि माझं राहिलं.

मग माझ्या भिंतींना ओल धरली. गावानं गवंडी लावून छपराला पन्हळी बसवल्या. मला बरं वाटलं, त्या पाण्यावर कुणाचा जीव होता, याचा विसर पडला. पहिल्याच पावसात केझिया आली.

"पाणी कुठाय?"

"नळीतून खाली जातं, आजी," गवंडी अभिमानानं म्हणाला. "आता भिंत कशी ठणठणीत राहील!"

"आणि माझी लेक?"

"कोण लेक?"

नळीखाली ओंजळ भरून ती भिंतीकडे चालू लागली. निम्मं पाणी बोटांतूनच गळालं. ती परत गेली. पुन्हा भरली. तिसऱ्या खेपेला गवंड्यानं थापी खाली ठेवली आणि काही न विचारता आपली बादली तिच्या हाती दिली.

तीन हिवाळे ती येत राहिली. नंतर कुणीच आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वास्तूंची डागडुजी जरूर करा. पण हात लावण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. आजही पाहुणे माझ्या कोरड्या भिंतींवरून हात फिरवून वाहवा करतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.