सुधारलेलं सुकवणघर

वाल्येवो शहरापासून आमच्या गावापर्यंत माझ्याइतका हुशार गाढव दुसरा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं आलुबुखार सुकवायचं घर आजोबांच्या वेळचं. खाली भट्टी, वर फळांनी भरलेले काटक्यांचे तट्टे. खालचे करपायचे, वरचे ओले राहायचे, म्हणून ते सारखे खालीवर करावे लागत. तट्टा एकट्याला पेलत नाही. शेजारची रादोयका माझ्यासारखीच एकटी, तिची फळंही माझ्याच भट्टीवर. ती दुसरं टोक धरायची. मग पुन्हा तट्टे हलवेपर्यंत घरी कशाला जायचं, म्हणून भट्टीपाशी कॉफी, चीजची पोळी आणि माझ्या नावाने शिव्या. वर्षातले हे दिवस मला फार आवडायचे. पण ते तिला सांगायचं धाडस कधी झालं नाही.

यंदा ती कंबर धरून म्हणाली, "विदोये, तुझ्या या भट्टीने माझी कंबर मोडली रे!"

झालं! छाप पाडायला मी कामाला लागलो. आगीवर पत्रा टाकून ऊब चारी बाजूंना फिरवली, हवा आत यायला भिंतीत तळाशी डावी-उजवीकडे दोन भोकं पाडली, छपरावर धुराडं चढवलं. भोकाशी सिगारेटचा धूर धरला, तर तो सरळ आत ओढला गेला. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

पहिलीच खेप अशी उतरली की वरचा तट्टा कुठला, खालचा कुठला, ओळखू येईना.

"म्हणजे आता काही हलवायचंच नाही?" रादोयकाने विचारलं.

"काही नाही! तू घरी आराम कर," मी छाती फुगवून म्हणालो.

ती गेली आणि खरंच आराम करू लागली. मी एकटाच कॉफी पीत, सगळीकडून सारख्याच सुकणाऱ्या फळांकडे बघत बसलो. इतकं वाईट मला पूर्वी करपलेल्या फळांचंही वाटलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी डोक्यावरची लोकरी टोपी काढली, डाव्या भोकात कोंबली आणि दुपारी कुंपणापाशी जाऊन ओरडलो, "रादोयका! डावीकडचे तट्टे ओले राहिलेत गं!"

ती आली. तिने तट्टे पाहिले, मग माझं उघडं टक्कल पाहिलं. सरळ भिंतीपाशी जाऊन वाकली आणि टोपी बाहेर ओढली. कुठे तोंड लपवू असं मला झालं.

"अक्कल म्हणून नाही तुला," ती म्हणाली. "इतकी घट्ट कोंबतात का? फळं सडतील ना!"

तिने टोपी सैलसर गुंडाळली आणि पुन्हा भोकात बसवली.

"आणि तुझी कंबर?" मी कसंबसं विचारलं.

"कंबरेचं मी बघते. तू ते टोक धर."