रविंद्रदादांची तिसरी टर्म

"वाईट माणसाच्या सत्तेला मर्यादा हवी, हे कोणालाही पटतं. पण चांगल्या माणसाच्या सत्तेलाही ती हवीच, हे अठराव्या शतकातल्या विचारवंतांचं खरं म्हणणं," असं मैथिली ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी सांगायची. त्या गुरुवारीही तिने ते सांगितलं, लॅपटॉप मिटला आणि गाडीत जाऊन बसली, तोच रविंद्रदादांचा फोन आला.

"मैथिली, मंडळाच्या रविवारच्या सभेत तुला एक ठराव मांडायचाय. अध्यक्षाला दोनच टर्म, ती अट काढून टाकायची."

अट तिनेच घातली होती. गावातल्या मराठी मंडळाची घटना लिहायला अध्यक्ष म्हणून दादांनीच तिला बसवलं होतं आणि ती अट वाचून कौतुकाने मानही डोलावली होती.

"पण का, दादा?"

"सगळे म्हणतायत, तुम्हीच राहा. लोकांनाच हवंय, तर तुझी लोकशाही अडते कुठे?"

"शनिवारी सांगते," म्हणून तिने गाडी सुरू केली.

रविंद्रदादा पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. गावात नवीन मराठी कुटुंब आलं की पहिला आठवडा त्यांच्याकडे दादांच्या घरचा डबा. मैथिलीचं बाळंतपण अडलं तेव्हा तिचा नवरा सलिल कामासाठी कालगुर्लीला खाणीवर होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून राहिले ते दादा आणि वहिनी. वहिनी गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून दादांनी मंडळात स्वतःला बुडवून घेतलं, आणि ते कोणाचं ऐकेनासे झाले. आयटीतल्या शंतनूने अध्यक्षपदासाठी उभं राहायचं म्हटलं, तर "आधी दोन वर्षं खुर्च्या लाव" असं त्याला चारचौघांत सुनावलं.

"हो म्हणून टाक ना," सलिल म्हणाला. "ढोल-ताशाचं मंडळ आहे आपलं, फ्रान्स नाही."

"फ्रान्स असता तर सोपं होतं. तिथला राजा माझ्यासाठी हॉस्पिटलात बसला नव्हता."

शनिवारी तिने दादांना फोन करून सांगितलं, ठराव मी मांडणार नाही. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी ठराव दुसऱ्या कोणीतरी मांडला. "हात वर करा," दादा व्यासपीठावरून म्हणाले. पुढच्या रांगेतले हात वर गेले. मग मागच्यांनी पुढच्यांकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं, आणि एकेक हात वर यायला लागला. शंतनूचासुद्धा.

मैथिली उभी राहिली. "दादा, मतदान चिठ्ठ्यांनी घेऊया."

"कशाला? माझ्यासमोर हात वर करायला इथे कोणी घाबरतं का?" त्यांनी हसत सभागृहभर नजर फिरवली. कोणीच हसलं नाही. तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

"घाबरत नाही, दादा. तुमच्या ऋणात आहोत सगळे. मीही आहे. तुमच्याकडे बघत कोणालाच नाही म्हणता येणार नाही."

दादांनी वर गेलेले हात खाली घ्यायची खूण केली. मग म्हणाले, "आणा चिठ्ठ्या."

ठराव सपशेल पडला. आकडे दादांनी स्वतःच वाचून दाखवले. आवाज चढला नाही, कापला नाही. कागद घडी करून ठेवला आणि खाली उतरले.

कार पार्कमध्ये लोक एकेक करून मैथिलीपाशी आले. "बरं झालं बोललीस," कोणी तिच्या कानाशी म्हणालं. "कोणीतरी बोलायलाच हवं होतं." दादा पलीकडे गाडीचं दार उघडत होते. त्यांच्याकडे कोणीच गेलं नाही. मैथिली त्यांच्याकडे निघाली, पण तोवर गाडी वळली होती.

शंतनू अध्यक्ष झाला. दादा मंडळात यायचे बंद झाले. महिनाभर धीर गोळा करून ती त्यांच्या घरी गेली.

दार उघडून ते म्हणाले, "या, मॅडम."

'या' आणि 'मॅडम'. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तिने काही म्हणायच्या आत ते चहा ठेवायला आत गेले. खोली स्वच्छ होती, टीव्ही बंद होता. बाहेर आले तेव्हा हातात दोन कप होते.

"तुमच्या इतिहासात," कप पुढे करत ते म्हणाले, "राजा गेल्यावर पुढचं सगळं लोकांचं असतं ना? त्या राजाने सकाळी उठून करायचं काय, हे लिहिलंय का कोणी?"

"नाही, दादा." तिने कप खाली ठेवला. "तुम्हाला दुखवायचं माझ्या मनात कधीच—" वाक्य पुरं होईना. शेवटी म्हणाली, "पण पुन्हा सभा झाली, तर मी पुन्हा तेच म्हणेन."

"माहीत आहे. तोच तर त्रास आहे." पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू चुकली असतीस, तर रागावून मोकळा झालो असतो."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. तिने चहा संपवला. थांब म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. ती बसून राहिली.