गाठ वाढल्याचा निरोप

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेल्यासारखा झाला होता. तरी आमच्या घरात त्या साली सगळंच वाढत होतं. पाणी वाढलं, कडबा वाढला, ज्वारी वाढली. वाटसरूनं ऐकलं असतं तर म्हणाला असता, देवणीत केवढा सुकाळ आहे! खरं तर यातलं काहीच घरात उरलं नव्हतं. माझी बायको गुरम्मा 'नाही' आणि 'संपलं' हे शब्द उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. दिवा विझला म्हणायचं नाही, वाढला म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती वाढलीच. भिंती ऐकत असतात आणि 'तथास्तु' म्हणतात, असं तिचं म्हणणं. आमची दोन्ही पोरं याच वळणात मोठी झाली आणि सुनांनीही ते उचललं.

धाकट्या गुरुलिंगची बायको शिवकांता. तिला लेक झाली, नीलम्मा. बाळंतपण सुखरूप झालं, पण पोर पालथी पडायला लागली तोवर शिवकांताला पुन्हा अंगावरून जायला लागलं, ते थांबेना. गुरुलिंगनं तिला लातूरला नेलं. तिथल्या प्रेमला डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, तर गरोदर बाईची येते तशी खूण आली. बाई म्हणाल्या होत्या की अजून बघावं लागेल, पण एवढं ऐकायला गुरम्मा थांबते कुठली. तिनं गल्लीत साखर वाटून टाकली. मी म्हणालो, जरा दम धर. त्यावर, तुम्हाला कशात म्हणून आनंद वाटत नाही, असं मला ऐकावं लागलं.

पुढच्या खेपेला बाईंनी आम्हा बापलेकांना समोर बसवलं. पोटात मूल नव्हतं. बाळंतपणात जी वार पडते, तिचाच अंश आत राहून त्याची गाठ झाली होती. कॅन्सर होता, आणि तोही हजारो बायकांत एखादीला होणारा. गुरुलिंगनं टेबलाची कड घट्ट धरली. बाई म्हणाल्या, घाबरू नका, औषधानं विरघळणारा कॅन्सर आहे हा, फक्त हैदराबादला जायला उशीर करू नका. मग त्यांनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. मूल पोटात असलं की लघवीत जी खूण उमटते, तीच ही गाठही उमटवते. खूण आहे तोवर गाठ आहे.

"ज्या दिवशी तपासणी 'नाही' म्हणेल," त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून सून तुमची."

परतताना एस्टीत मला रडावं की हसावं ते कळेना. जो शब्द घरात चालत नाही, त्याच्यावरच पोरीचा जीव येऊन ठेपला होता.

थोरली सून मल्लम्मा. तिचं पोर अजून अंगावर पीत होतं. कुणी काही सांगायच्या आधीच तिनं नीलम्मालाही छातीशी घेतलं. उजवीकडं एक, डावीकडं एक. जू बरोबर बसलंय बघा, म्हणायची. गुरुलिंग आणि शिवकांता उदगीरहून रेल्वेनं हैदराबादला जायचे, इंजेक्शनं घेऊन परत यायचे. तिचं तोंड आतून सोलून निघायचं. मग गुरम्मा ज्वारीच्या कण्या ताकात पातळ करून, गार करून, चमच्या-चमच्यानं भरवायची. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, आणि गावात तर टँकरची वाट बघत लोक उन्हात बसलेले. मी बैलगाडीवर पिंप बांधलं आणि एका लांबच्या मळ्यातून पाणी आणायला लागलो. पहिली घागर शिवकांताची, त्यातून कुणी घोटभरही घ्यायचं नाही, असं ठरलं. वाटेत लोक विचारायचे, काय आप्पा, म्हातारपणी पाणक्या झालात का. मी सांगायचो, सुनेनं नोकरीला ठेवलंय.

दर तपासणीला खूण फिकी होत होती. पण होती. शेवटी तो दिवस आला, ज्याबद्दल बाई म्हणाल्या होत्या, या वेळेस कदाचित. गुरम्मानं सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं. दोघं लातूरला निघताना तिनं गुरुलिंगला बजावलं, "काय आसंल ते आसू दे. पण पहिला शब्द वंगाळ काढू नको. चंद्रप्पाच्या आडतीत फोन कर."

चंद्रप्पा मूळचा देगलूरचा. आमच्या पेठेत फोन तेवढा त्याच्याकडं. एरवी निरोप असला की रस्त्यातूनच ओरडायचा. त्या दुपारी तो टोपी हातात घेऊन आला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं आणि प्यायलाच नाही.

"गुरुलिंगचा फोन आला होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणाला, अव्वाला सांगा, गाठ वाढली."

गुरम्मा भिंतीला धरून खाली बसली. जन्मभर ज्या बाईनं तो शब्द उलटा वापरला, तिला त्या वेळी तो सरळ ऐकू आला. मलाही सरळच ऐकू आला. मल्लम्मानं दोन्ही पोरं जवळ ओढली. हळूहळू गल्लीतल्या बाया आत येऊन बसल्या, माणसं ओट्यावर बसली. मला बसवेना, म्हणून मी गोठ्यात जाऊन बैलाची मान खाजवत उभा राहिलो.

दिवस मावळायच्या आत एस्टी आली. गुरुलिंगनं कोपऱ्यावरून दारातली गर्दी पाहिली, पिशवी शिवकांताच्या हातात दिली आणि धावत सुटला.

"आप्पा कवा गेले?" त्यानं दारातच विचारलं.

"आजून हाय मी," मी गोठ्यातून म्हणालो. "तुझ्या बायकोचं सांग."

"सांगितलं की फोनवर. गाठ वाढली म्हणून."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो सगळ्यांकडं बघायला लागला. मग त्याला उमगलं आणि तो आईवरच उखडला.

"आगं अव्वा, वंगाळ शब्द काढू नको म्हणालीस ना तूच? मग 'न्हाई' कसं म्हणणार मी? तांदूळ वाढतेत, तशी गाठ वाढली!"

तोवर शिवकांता मागून चालत आली होती. उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "न्हाई आली, अव्वा. बाईंनी पुन्हा करून बघितली. तरी न्हाईच."

"आणिक एकदा म्हण," गुरम्मा म्हणाली.

"न्हाई."

गुरम्मानं तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि मग रडली. ओट्यावर हसू पसरलं. चंद्रप्पानं टोपी घातली आणि यापुढं या घराचे निरोप घेणार नाही, असं जाहीर केलं. अजून थोडी इंजेक्शनं बाकी होती, तपासणीला वर्षभर जात राहायचं होतं. गुरुलिंग ते सांगत होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

शिवकांतानं हात पुढं केले. नीलम्मानं तिच्याकडं पाहिलं, ओठ काढला आणि मल्लम्माच्या पदरात तोंड खुपसलं. मल्लम्मा ओशाळली. पोरीला पुढं ढकलायला लागली, तशी पोर जास्तच चिकटली.

"राहू दे की, अक्का," शिवकांता म्हणाली. "लागतील चार दिवस. मी आता कुठं चाललेय?"

आणि ती हातपाय धुवायला परसात गेली.